आवाज गेला, कागद उरला

वाचकहो, पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काडेपेटीचे छाप, लग्नपत्रिकांवरचे गणपती हे छंद आपल्या ओळखीचे. गणपती जमवणारी एखादी मावशी तर प्रत्येक गल्लीत सापडते. पण रेडिओ स्टेशनांची स्टिकरं जमवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय हो?" आजचा लेख त्या 'नेमकं काय'साठी.

स्टिकरांचे दोन गोत्रज आहेत. पहिला अमेरिकेतला. तिथे मोटारीच्या मागच्या बंपरवर चिकटवायची तीन इंच रुंद आणि अकरा-बारा इंच लांब पट्टी असते. तिच्यावर स्टेशनचं नाव, डायलवरचा आकडा आणि एखादं भडक चित्र. दुसरा गोत्रज शॉर्टवेव्हचा. लंडन, मॉस्को, बर्लिन, टोकियो, कोलंबो अशा ठिकाणांहून जगभर बोलणारी स्टेशनं आपल्या श्रोत्यांना पत्राच्या उत्तरात लहान-मोठी स्टिकरं पाठवायची. पहिला पेट्रोल पंपावर फुकट मिळायचा. दुसऱ्यासाठी रात्र जागवावी लागायची, कान टवकारावे लागायचे आणि पोस्टाचा खर्च सोसावा लागायचा. माझ्याकडच्या पत्र्याच्या डब्यात दोन्ही आहेत, पण भरणा दुसऱ्याचा.

आधी बंपरची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेत मोटारीला जाहिरात लावायची तर पुठ्ठ्याची पाटी तारेने बंपरला बांधत. पाऊस आला की पुठ्ठा गळून पडे. मागून चिकट असलेला, ओलं न करता चिकटणारा कागद स्टँटन एव्हरी या माणसाने १९३५ साली बाजारात आणला होता. डोळ्यांत भरणारी चकाकती शाईसुद्धा त्याच सुमाराची. महायुद्धानंतर कॅन्सस सिटीच्या फॉरेस्ट गिल नावाच्या छपाईवाल्याने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि बंपर स्टिकर जन्माला आलं. पर्यटनस्थळांनी ते उचललं, मग निवडणुकीच्या उमेदवारांनी, आणि त्यांच्यामागून रेडिओ स्टेशनांनी.

रेडिओवाल्यांना त्याचं एवढं वेड का लागावं? कारण गंमतशीर आहे. कोणतं स्टेशन किती लोक ऐकतात हे ठरवण्यासाठी तिकडे निवडक घरांत वह्या वाटत. आठवडाभर काय ऐकलं ते श्रोत्याने आठवून आठवून लिहायचं आणि वही परत पाठवायची. त्या वह्यांवर जाहिरातींचे दर ठरत. म्हणजे नुसतं ऐकणं पुरेसं नाही, लिहिताना नाव आठवलं पाहिजे! रोज रस्त्यावर पुढच्या मोटारीच्या पाठीवर तेच नाव दिसलं तर ते आपोआप डोक्यात बसतं. त्यासाठी स्टेशनांनी बक्षिसं लावली. स्टेशनची गाडी शहरातून फिरे, स्टिकर लावलेल्या मोटारीचा नंबर रेडिओवर पुकारला जाई आणि तो ऐकून फोन करणाऱ्या मालकाला पैसे किंवा जलशाची तिकिटं मिळत. २००७ सालापासून मोठ्या शहरांत या वह्यांच्या जागी श्रोत्याने कमरेला लावायचं यंत्र आलं. आजूबाजूला कोणतं स्टेशन वाजतंय ते यंत्र स्वतःच ओळखतं. नाव लक्षात ठेवायची गरज उरली नाही, तशी स्टिकरची गरजही कमी झाली. शिवाय चकचकीत लोखंडी बंपर जाऊन रंगवलेले प्लॅस्टिकचे आले, आणि त्यांच्यावर काही चिकटवायला मालकांचा जीव होईना.

अमेरिकन स्टेशनांच्या नावांत एक वेगळीच मजा आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या स्टेशनांची नावं बहुधा 'डब्ल्यू'पासून सुरू होतात आणि पश्चिमेकडच्यांची 'के'पासून. याला जुने अपवाद आहेत. पिट्सबर्गचं केडीकेए त्यातलंच. २ नोव्हेंबर १९२० ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगत सुरू झालेलं हे स्टेशन नदीच्या पूर्वेला असूनही 'के'चंच राहिलं. पुढची अक्षरं मालकाच्या हौसेची. शिकागोचं डब्ल्यूएलएस म्हणजे 'जगातलं सर्वांत मोठं दुकान', कारण ते सिअर्स या दुकानदार कंपनीने काढलं. त्याच शहरातलं डब्ल्यूजीएन म्हणजे 'जगातलं सर्वश्रेष्ठ वर्तमानपत्र', कारण मालकी शिकागो ट्रिब्यूनची. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम विमा कंपनीचं, म्हणून 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो'. आपल्याकडेही एके काळी अशी नावं होती. १९२७ च्या जुलैत सुरू झालेलं मुंबई केंद्र 'व्हीयूबी' म्हणून ओळखलं जाई.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या वाड्यात दोन अण्णा होते. एक माझा सख्खा थोरला भाऊ. दुसरा शेजारचा, घरी कन्नड बोलणारा, भावाच्याच वर्गातला. थोरल्या भावाला आपण अण्णा म्हणतो आणि तेही अण्णाच म्हणतात, त्यामुळे मला दोघांना हाक मारताना भाषा बदलावी लागत नसे. 'आमचा अण्णा' आणि 'शेजारचा अण्णा' एवढाच फरक. सत्तरच्या दशकात दोघांनी मिळून हा छंद लावून घेतला आणि धाकटी म्हणून माझ्याकडे पाकिटं चिकटवायचं काम आलं. पुढे तेच माझं वेड झालं.

रेडिओ आमच्याकडे होता, लायसन्स त्यांच्याकडेही होतं. त्या काळी रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे, हे आता नातवंडांना सांगितलं तर खरं वाटत नाही. संध्याकाळी काटा धारवाडवर असे, तिथून सांगलीवर, कधी पणजीवर. धारवाड केंद्र १९५० सालचं, सांगली १९६३ सालचं. पणजीचं केंद्र पोर्तुगीजांच्या काळात १९४६ साली 'एमिसोरा द गोवा' म्हणून सुरू झालं आणि गोवामुक्तीनंतर आकाशवाणीत आलं. धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते मल्लिकार्जुन मन्सूर. कन्नड घरात जन्मलेले आणि मिरजेला नीळकंठबुवांकडे गाणं शिकलेले. ते गायला लागले की शेजारची अव्वा आमच्या ओसरीवर येऊन बसायची आणि हे गाणं कुणाच्या भाषेतलं असा प्रश्न कुणालाही पडायचा नाही.

रात्री नऊनंतर मात्र काटा दूर निघायचा. दिवसा जी स्टेशनं लागत नाहीत ती रात्री का लागतात, हे शेजारच्या अण्णाने मला पाटीवर काढून दाखवलं होतं. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर हवेचा एक थर दिवसा सूर्याच्या किरणांनी भारला जातो आणि मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परत जमिनीकडे वळतात. शॉर्टवेव्हच्या लहरी तर अशा टप्प्याटप्प्याने अर्धी पृथ्वी ओलांडतात. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो तसं.

स्टेशन लागलं की खरं काम सुरू व्हायचं. तारीख, वेळ आणि मीटर बँड लिहायचा. वेळ ग्रिनिचची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. कार्यक्रमात काय चाललं आहे, निवेदक बाई की पुरुष, कोणतं गाणं, कोणती बातमी, हे सगळं टिपायचं, म्हणजे आपण खरोखर ऐकलं याचा पुरावा होतो. शेवटी पाच गुण द्यायचे. आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, आवाजाचं चढणं-उतरणं आणि एकूण ऐकण्याजोगं किती, या प्रत्येकाला एक ते पाच. ५५५५५ म्हणजे जणू शेजारच्या खोलीतून बोलताहेत. आमच्या रजिस्टरात ते फार क्वचित आहे, ३२२२२ पानोपानी!

हे पत्र स्टेशनला गेलं की महिना-दोन महिन्यांनी उत्तर यायचं. त्यात एक छापील कार्ड असे, 'क्यूएसएल' नावाचं. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ 'तुमचा निरोप पोचला'. तुम्ही अमुक दिवशी अमुक वेळी आम्हालाच ऐकलंत, याचं ते स्टेशनने दिलेलं प्रमाणपत्र. आणि कार्डासोबत, मेजवानीनंतरच्या विड्यासारखं, एखादं स्टिकर.

रजिस्टर मात्र बघण्यासारखं आहे. डाव्या पानावर आमच्या अण्णाची मराठी टिपणं, उजव्या पानावर शेजारच्या अण्णाची कन्नड. एकाच रात्री, एकाच रेडिओवर, एकच स्टेशन ऐकून दोघांनी आपापल्या भाषेत लिहिलेलं. आकडेसुद्धा आपापले. दोघांचे गुण जुळले नाहीत तर खाली माझी सही, पंच म्हणून! स्टेशनला जायचं पत्र तेवढं इंग्रजीत. रात्री साडेदहा झाले की आतून बाबांचं "पुरे आता!" आणि भिंतीपलीकडून अव्वाचं "साकु!" एकाच वेळी यायचं.

परदेशी पाकिटांचा थोडा त्रासही झाला. एकदा पूर्व बर्लिन आणि वॉशिंग्टन या दोन्ही ठिकाणची जाड पाकिटं एकाच दिवशी आली. दोन-चार दिवसांनी साध्या कपड्यातला एक गृहस्थ येऊन बाबांना विचारू लागला, मुलांचं परदेशात काय चाललं आहे? बाबांनी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि रजिस्टर पुढे ठेवलं. त्याने पाच-सहा पानं उलटली आणि म्हणाला, "अहो, ही नुसती खरखरीची नोंद आहे." त्यानंतर कुणी आलं नाही. पण बाबांनी पुढचं वर्षभर पोस्टाचे पैसे देताना हात आखडता घेतला, आणि दोन्ही अण्णांनी शिकवण्या घेऊन तिकिटांचा खर्च भागवला. डब्यातल्या त्या वर्षीच्या स्टिकरांवर माझा जास्त जीव आहे तो त्यामुळेच.

आता डबा उघडून काही स्टिकरांची ओळख करून देते.

पहिलं कोलंबोचं. 'रेडिओ सिलोन'ने आपल्या आई-मावश्यांच्या पिढीला हिंदी सिनेमाची गाणी दिली. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि सगळा श्रोतृवर्ग कोलंबोकडे वळला. त्याच वर्षी अमीन सयानींची गीतमाला तिथून सुरू झाली. शेवटी आकाशवाणीने १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढली, ती हे गेलेले श्रोते परत आणण्यासाठीच. स्टिकर जमवणाऱ्याच्या दृष्टीने कोलंबोचं महत्त्व वेगळं आहे. नावावरून काळ कळतो. १९६७ पर्यंत रेडिओ सिलोन, मग सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, आणि १९७२ मध्ये देशाचं नाव बदलल्यावर श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन. लोक मात्र शेवटपर्यंत सिलोनच म्हणत राहिले.

दुसरं 'रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल'चं, म्हणजे पूर्व जर्मनीचं. २ ऑक्टोबर १९९० ला या स्टेशनने शेवटचा कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही जर्मनी एक झाले आणि त्याचा देशच उरला नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी शब्दांची लढाई केली, त्या पश्चिमेच्या 'डॉइशे वेले'च्या ताब्यात त्याची प्रक्षेपण यंत्रं गेली. माझ्या डब्यात ही दोन्ही स्टिकरं एकाखाली एक आहेत आणि अजून भांडलेली नाहीत.

तिसरं मॉस्कोचं. 'रेडिओ मॉस्को' १९२९ पासूनचं. सोव्हिएत संघ विरघळल्यावर १९९३ मध्ये त्याचं 'व्हॉइस ऑफ रशिया' झालं आणि २०१४ मध्ये तेही नाव पुसलं गेलं. पुढची यादी तर श्राद्धपक्षासारखी आहे. स्वित्झर्लंडचं स्टेशन २००४ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेलं. कॅनडा आणि हॉलंड दोन्ही २०१२ मध्ये. कुकाबुरा पक्ष्याच्या हसण्याने ओळख पटवणारं रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ च्या अखेरीस. बीबीसीची हिंदी सेवा १९४० पासून लघुलहरींवर होती, ती ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना एका आदेशासरशी सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं. १९४२ पासून चाललेला आवाज एका शनिवारी अडखळला. जपान, चीन, दक्षिण कोरिया, रुमानिया यांच्यासारखे काही अजून टिकून आहेत, पण बाजारचा दिवस उलटून गेल्यावर दोन-चार पाल मागे राहावेत तसे.

अमेरिकन स्टिकरं मला पत्रमैत्रिणीकडून मिळाली. ओहायोतली ही बाई माझ्यासारखीच रात्री जागणारी. ती मला बंपर स्टिकरं पाठवायची आणि मी तिला काडेपेटीचे छाप, आकाशवाणीची कार्यक्रमपत्रिका असं काहीबाही. कुंदा पाठवायची फार इच्छा होती, पण तो पाकिटात मावेना! तिने शिकवलेली एक युक्ती सांगते. स्टिकरवर साल छापलेलं नसतं, ते ओळखायचं कसं? जुन्या काट्याच्या रेडिओवर नेमका आकडा लावता येत नसे, म्हणून स्टेशनं '८९' किंवा 'एफएम १००' असा गोल आकडा छापत. आकडे दाखवणारे रेडिओ आले तेव्हा '९४.७' असे दशांश चिन्हासकट छापू लागले. कोपऱ्यात 'स्टिरिओ' असेल तर ते एफएम स्टिकर १९६१ नंतरचं, कारण तिकडे स्टिरिओला परवानगी त्या वर्षी मिळाली.

आपल्या भागासाठी दुसरी युक्ती आहे आणि ती मुलांना गणित म्हणून घालण्याजोगी आहे. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या मध्यम लहरींच्या स्टेशनांसाठी नवी मांडणी लागू झाली. सगळ्यांना नऊने भाग जाणारे आकडे मिळाले. धारवाड ७६५, सांगली १२५१, पणजी १२८७. भागून पाहा, ८५, १३९ आणि १४३. बाकी शून्य. अमेरिका या मांडणीत नव्हती, तिथे सगळे आकडे दहाच्या पटीत. केडीकेए १०२०, डब्ल्यूएलएस ८९०, डब्ल्यूएसएम ६५०. तेव्हा इकडच्या एखाद्या जुन्या कागदावरच्या मध्यम लहरींच्या आकड्याला नऊने भाग गेला नाही, तर तो कागद बहुधा १९७८ च्या आधीचा समजा.

आपल्याकडे मोटारीवरच्या स्टिकरांचं पर्व फार उशिरा आलं. खासगी एफएम पहिल्यांदा बंगळूरला जुलै २००१ मध्ये वाजलं. त्याच वर्षी इंदूरला रेडिओ मिरची सुरू झालं. मग रिक्षांच्या मागे, स्कूटरच्या डिकीवर, कॉलेजच्या वह्यांवर आकडे झळकू लागले. पण एक फरक मला लगेच जाणवला. जुन्या स्टेशनांची नावं गावांची होती, नव्यांची नावं कंपन्यांची. अमेरिकेतही हेच झालं. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा उठली, आणि थोड्याच वर्षांत एकेका कंपनीकडे शेकडो, एकीकडे तर हजाराहून जास्त स्टेशनं गेली. ओहायोच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, "आता आमच्या गावचं हवामान सांगणारा माणूस आमच्या गावात राहत नाही." स्टिकरचा संग्रह करताना हेच नजरेला येतं. जुन्या पट्ट्यांवर गावातला पूल, टेकडी, तिथला पक्षी असं काही असतं. नंतरच्या दहा शहरांच्या पट्ट्या एकाच साच्यातल्या, फक्त आकडा वेगळा.

आणि एक स्टेशन असं, ज्याचं स्टिकर कधी निघालंच नाही, तरी ते माझ्या संग्रहात पहिल्या पानावर हवं होतं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त रेडिओ चालत होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं तो चालवत. पहिल्यांदा आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर आपल्या कॅसलरॉकजवळून. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत ते गोव्यातल्या लोकांशी बोलत. जंगलातलं ओलं रान, यंत्र आणि दोन माणसं, असं सहा वर्षं चाललं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं रेडिओ केंद्र निकामी केलं, १९ तारखेला गोवा मुक्त झाला आणि या जंगलातल्या स्टेशनचं काम संपलं. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी पार केल्यावर. कॅसलरॉकला दूधसागर बघायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? म्हणून मी एक कोरं कार्ड कापलं, त्यावर फक्त तारखा लिहिल्या आणि ते आल्बममध्ये पहिल्या खिशात ठेवलं.

'आकाशवाणी' हा शब्दही आपल्याच शेजारचा. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरात एक छोटं रेडिओ केंद्र काढलं. त्याचं नाव आकाशवाणी. तेच नाव पुढे पन्नासच्या दशकात सगळ्या देशाच्या रेडिओने घेतलं. सरकारी पाटीवर आज जो शब्द दिसतो, तो एका मास्तरांच्या बैठकीच्या खोलीतून निघालेला आहे.

आमचा अण्णा २०२३ मध्ये गेला. वहिनीने डबा आणि रजिस्टर माझ्याकडे आणून दिलं, "तुमचं तुम्ही बघा हो, मला त्यातलं कळत नाही." महिन्याभरात ओळखीतून एक संग्राहक आले. डब्यातली पूर्व जर्मनीची आणि अमेरिकेची स्टिकरं तेवढी हवीत म्हणाले, किंमतही चांगली सांगितली. रजिस्टर मात्र नको, त्याला बाजार नाही. घरात दोन मतं झाली. सुनेचं म्हणणं, पैशापेक्षा जपणारा माणूस मिळतोय हे महत्त्वाचं, आज ना उद्या आपल्याकडे वाळवी लागेल. तिचं चूक नव्हतं. ती कन्नड माहेरची, आणि रजिस्टरातली उजवी पानं आमच्या घरात फक्त तिलाच सरळ वाचता येतात. मी तिला म्हटलं, एकदा सगळी वाच, मग ठरवू.

तिने चार रात्री ती पानं वाचली, मोठ्याने. मी डावी पानं वाचत होते. आमच्या अण्णाने एका रात्री फक्त लिहिलं होतं, 'बर्लिन, ३३३२३, संगीत.' त्याच रात्रीचं उजवं पान होतं, 'बर्लिन लागलं. अण्णाची परीक्षा उद्या आहे, तरी झोपत नाही. त्याच्या बाबांना सांगू नये.' इतक्या वर्षांनी मला माझ्या भावाबद्दल नवीन काही कळत होतं, आणि तेही दुसऱ्या अण्णाच्या अक्षरातून. पाचव्या दिवशी सूनच म्हणाली, "आई, हे फोडून विकायचं नाही. स्टिकर घेतलं आणि रजिस्टर सोडलं, तर उरेल काय, रंगीत कागद!"

मग आम्ही हुबळीला गेलो. शेजारचा अण्णा आता तिथे मुलाकडे असतो. कान जवळजवळ गेले आहेत. बर्लिन, मॉस्को सगळं ऐकलेल्या माणसाला आता बोललेलं पाटीवर लिहून दाखवावं लागतं. त्याच्यापुढे रजिस्टर ठेवलं तर त्याने आधी डावी पानं उघडली, आमच्या अण्णाची. मराठी त्याला अजून वाचता येतं. खूप वेळ तो बोलला नाही. मग पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, '३२२२२ नव्हतं, ३३३३३ होतं. तो नेहमी कमी द्यायचा.' आणि सहीसाठी पाटी माझ्यापुढे सरकवली. पंच ना मी!

रजिस्टर आता त्याच्याकडे आहे, स्टिकरं माझ्याकडे. नातवाने प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन्ही घरांत ठेवला आहे. ज्याच्याकडे जे आहे त्यावर दुसऱ्याचा हक्क तेवढाच, असं आम्ही दोन्ही भाषांत एका कागदावर लिहून ठेवलं.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर, ट्रंकेत, बाबांच्या जुन्या डायरीत असा एखादा कागद असू शकेल. सापडला तर त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, कालांतराने ती पिवळी पडते आणि कागदाला खाते. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. मागचा पाठकागद सोलू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, सपाट ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटाच्या भिंतीकडच्या कप्प्यापेक्षा मधला कप्पा बरा. एखादं स्टिकर जुन्या स्कूटरवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटलेलं असेल तर केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या आणि कोपऱ्यापासून हळूहळू उचला. नखाने ओरबाडू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाकिटावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा. कुणी ऐकलं, केव्हा ऐकलं, काय ऐकलं. घरातलं वडीलधारं माणूस असेल तर त्यालाच विचारा, आणि त्याने ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत लिहा. वाचणारं कुणीतरी घरात निघतंच. नसेल, तर शेजारी विचारा.